आमची भिंगे

आमच्या पंडरीतील दोन खोल्यांच्या घरात एक लोखंडी कपाट आहे. त्याच्या वरच्या दोन कप्प्यांत चौदा कॅमेरे व एकवीस भिंगे आहेत, आणि खालच्या दोन कप्प्यांत उरलेला संसार आहे. ही कबुली आरंभीच देऊन टाकलेली बरी. आम्ही केंद्र सरकारच्या एका कचेरीत उच्च श्रेणी लिपिक आहोत. दोन महिन्यांच्या मूळ वेतनाहून अधिक किमतीची जंगम वस्तू खरेदी केल्यास ती वरिष्ठांस कळवावी, असा आमच्या वर्तणूक नियमांत दंडक आहे. आमच्या चौदांपैकी एकाही कॅमेऱ्याने ही मर्यादा ओलांडलेली नाही. सर्वांची बेरीज केली तर काय होईल, असा प्रश्न सौभाग्यवतींनी एकदा विचारला होता. नियमात बेरजेचा उल्लेख नाही, असे उत्तर आम्ही दिले, आणि त्या दिवशीची आमटी निमूटपणे अळणी खाल्ली.

हल्ली ज्याच्या त्याच्या खिशात कॅमेरा असतो. चहाचा पेला पुढे आला की आधी त्याचे छायाचित्र निघते आणि मग चहा पोटात जातो. असे असता हा चौदा धुडांचा पसारा कशासाठी, असे स्नेही आम्हांस विचारतात. त्यांस पटेल असे उत्तर आमच्यापाशी नाही. नादाला उत्तर नसते. पण ही यंत्रे काय करतात एवढे मात्र आम्ही सांगू शकतो, व ते सांगावयाची संधी आम्ही सहसा दवडत नाही.

आमचे कॅमेरे सगळे एकाच जातीचे आहेत. ते फिल्मवर चालतात, आणि त्यांच्या पोटात एक आरसा असतो. व्यवहारात त्यांस एस. एल. आर. म्हणतात. भिंगातून आत आलेला उजेड पंचेचाळीस अंशांत तिरप्या ठेवलेल्या या आरशावर पडतो, तेथून वर एका घासलेल्या काचेवर जातो, आणि तिच्यावरच्या पंचकोनी लोलकातून उलटसुलट होत शेवटी आपल्या डोळ्यास सरळ दिसतो. याचा अर्थ असा की, जे भिंग चित्र काढणार त्याच भिंगातून आपण आधी पाहतो. कळ दाबली की आरसा वर उचलला जातो, मागचा पडदा सरकतो, फिल्मवर उजेड पडतो, आणि आरसा पुन्हा खाली येतो. हे सारे एका ठोक्यात होते. त्या ठोक्यापुरती पाहण्याची खिडकी काळी होते. म्हणजे जो क्षण आपण टिपला तो नेमका आपल्याला दिसत नाही! त्याच्या अलीकडचा दिसतो, पलीकडचा दिसतो. तो स्वतः फिल्म धुतल्यावरच दिसावयाचा.

१९३६ साली ड्रेस्डेन येथील इहागे कारखान्याने 'किने एक्झाक्टा' हा या जातीचा छोट्या फिल्मचा कॅमेरा बाजारात आणला, तेव्हा त्यात वरून खाली वाकून पाहावे लागे. पंचकोनी लोलक १९४९ साली 'कॉन्टॅक्स एस' या कॅमेऱ्यात आला. तरीही एकदा वर गेलेला आरसा पुढचा रोल सरकवीपर्यंत वरच राही. १९५४ साली जपानच्या 'असाहिफ्लेक्स'ने आपल्या दुसऱ्या अवतारात त्यास लगेच खाली यावयास शिकवले. आणि १९५९ साली 'निकॉन एफ' आला तेव्हापासून जगातील वार्ताहरांच्या गळ्यात हीच जात दिसू लागली. असो. हा इतिहास आम्हांस तोंडपाठ आहे, आणि तो ऐकण्याचे पाहुण्यांच्या कपाळी असते.

आमच्या कपाटातील पहिला कॅमेरा मात्र ना जर्मन आहे ना जपानी. तो रशियन आहे, आणि तो रायपुरात कसा आला हे सांगितले पाहिजे. येथून सुमारे तीस किलोमीटरांवर भिलाई आहे. १९५५ साली सोव्हिएत रशियाशी करार झाला, आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तेथील पहिली झोतभट्टी पेटली. कारखान्याबरोबर रशियन इंजिनियर आले, त्यांची कुटुंबे आली, आणि त्यांच्या सामानात त्यांचे कॅमेरेही आले. मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्क येथे १९६५ पासून 'झेनिट ई' नावाचा कॅमेरा तयार होऊ लागला होता. तो दगडासारखा जड आणि तसाच टिकाऊ. त्याच्या पुढे 'हेलिओस' नावाचे अठ्ठावन्न मिलिमीटरांचे भिंग असे. हे भिंग येना येथील त्साइसच्या 'बायोटार'वरून बेतलेले. सूर्यदेवाचे ग्रीक नाव त्यास दिलेले. मायदेशी परतणाऱ्या एका इंजिनियराने असा एक झेनिट भिलाईच्या एका कामगारास विकला, आणि त्या कामगाराकडून तो १९८४ साली आमच्या वडिलांनी घेतला.

वडील एका कापडाच्या दुकानात मुनीम होते. नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीत जी मराठी घराणी छत्तीसगडात उतरली त्यांपैकी आमचे एक, असे घरात सांगतात. पूर्वजांनी तलवार आणली होती की दौत, याविषयी मात्र एकवाक्यता नाही. वडिलांच्या हाती दौतच होती. त्या कॅमेऱ्यापायी त्यांचे अडीच महिन्यांचे वेतन गेले. ते सरकारी नोकर नव्हते हे बरे झाले. नाहीतर त्यांना कळवावे लागले असते.

रोल उटीच्या सरकारी कारखान्यातला, 'इंदू' छापाचा असे. १९६० साली स्थापन झालेल्या आणि १९६७ पासून फिल्म काढू लागलेल्या त्या कारखान्याला आता टाळे लागले आहे. छत्तीस चित्रांचा एक रोल वडील सहा-सहा महिने पुरवीत. रविवारी सकाळी चाळीच्या अंगणात आम्हां भावंडांस उभे करावयाचे, आणि रायपूरच्या उन्हाने तोंडावर पडलेल्या काळ्या सावल्या उजळण्यासाठी आईने बाजूला पांढरी चादर ताणून धरावयाची, असा त्यांचा रिवाज होता. आई चित्रात नसे. ती चादर धरणारी.

निदान वडिलांना तरी असेच वाटे. झेनिटच्या खिडकीची एक गंमत आहे: तिच्यातून चित्राचा सुमारे दोनतृतीयांश भागच दिसतो. उरलेला एकतृतीयांश चारी कडांनी फिल्मवर उमटतो, पण पाहणाऱ्यास दिसत नाही. स्टुडिओवाला छापताना कडा कापून टाकी, त्यामुळे आल्बमात सर्व कसे नीटनेटके आहे. वडील गेल्यानंतर आम्ही त्या निगेटिव्ह उजेडात धरून पाहिल्या. बहुतेक प्रत्येक चौकटीच्या काठाशी चादरीचा एक कोपरा आहे, आणि त्या कोपऱ्यावर आईची चार बोटे.

पुढे शाळांच्या फिया वाढल्या, रोल महागले. 'चांगल्या प्रसंगी काढू,' असे म्हणून वडिलांनी झेनिट चामड्याच्या पेटीत घातला, पेटी ट्रंकेत घातली, आणि ट्रंक माळ्यावर चढवली. चांगले प्रसंग आले आणि गेले. २०१४ साली वडील गेले. वर्षश्राद्धानंतर आम्ही ट्रंक उतरवली, पेटी उघडली, आणि भिंग खिडकीशी धरून आत पाहिले. काचेच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे तंतू पसरलेले होते. बुरशी! अंधार, ओल आणि चामडे ही तिची आवडती त्रिस्थळी. रायपूरचा पावसाळा तिला मानवतो.

गोलबाजाराच्या बाजूला एक वृद्ध मिस्त्री घड्याळे व कॅमेरे दुरुस्त करीत. त्यांनी भिंग उघडले, काचा पुसल्या, आणि म्हणाले, "साहेब, भिंगाला उजेड लागतो. वापरत राहिलं की जगतं. जपून ठेवलं की मरतं." बुरशी गेली, पण तिने काचेवरच्या लेपावर खाल्लेल्या खुणा राहिल्या. त्या जात नसतात. "दिव्याकडे धरू नका, उजेड फाकेल," असे त्यांनी बजावले. दुसरा हेलिओस स्वस्तात मिळेल असेही सांगितले. तो आम्ही घेतला नाही. वडिलांचे भिंग वडिलांच्याच कॅमेऱ्यावर पुन्हा चढवले.

येथपर्यंतच्या वर्तनास कोणीही पितृभक्ती म्हणेल. नंतरच्या वर्तनास नाद हाच शब्द आहे. झेनिटची भिंगे बेचाळीस मिलिमीटरांच्या आट्यांनी बसतात, आणि याच आट्यांची भिंगे जर्मन प्राक्टिका व जपानी पेंटॅक्स यांच्यासाठीही निघाली. एका कॅमेऱ्याची भिंगे दुसऱ्यास चालतात हे कळणे म्हणजे एका घरच्या ओळखीने सारा गाव ओळखीचा होणे. एल. टी. सी. घेऊन आम्ही सहकुटुंब कलकत्त्यास गेलो. सौभाग्यवती व आई दक्षिणेश्वरास गेल्या, आणि आम्ही चौरंगीवरील मेट्रो सिनेमाजवळच्या मेट्रो गल्लीत शिरलो. कॅमेऱ्यांच्या त्या गल्लीतून बाहेर पडताना आमच्या पिशवीत एक प्राक्टिका व दोन भिंगे होती. पुढे १९७६ ते १९९७ अशी एकवीस वर्षे निघत राहिलेला 'पेंटॅक्स के १०००' आला. १९८२ साली निघालेला, बॅटरी संपली तरी सेकंदाच्या चारहजारांशापर्यंत पडदा सरकवणारा 'निकॉन एफएम २' आला. सौभाग्यवतींच्या समाधानासाठी आम्ही सांगितले की, मुंबईच्या दिलीश पारेख यांच्या संग्रहात ४,४२५ कॅमेरे असल्याची गिनेसच्या पुस्तकात नोंद आहे. त्या मानाने चौदा म्हणजे काहीच नाही. "त्यांचं घर केवढं आहे, अहो?" एवढेच त्या म्हणाल्या.

या नादाने आमच्या डोळ्यास एक धार आली, असे आम्ही अभिमानाने सांगत असू. जुने भिंग हाती आले की त्याच्या पाठीमागून विजेरीचा झोत टाकावयाचा आणि पुढून तिरपे पाहावयाचे. धूळ, तेल, बुरशी, चरा, काचेचे दोन तुकडे जोडणाऱ्या डिंकाचे सुटणे, या पाचही व्याधी आम्ही क्षणात ओळखतो. आम्ही दोषांची वही ठेवली आहे. प्रत्येक भिंगास क्रमांक, खरेदीची तारीख, कारखान्याचा आकडा, आणि शेरा. 'क्र. १४: मागील काचेवर किंचित धुके. सबब वर्ग ब.' कचेरीतील टिपणीपेक्षा ही वही आम्ही अधिक मन लावून लिहितो.

वहीतील सतराव्या क्रमांकाचे भिंग 'सुपर ताकुमार', पन्नास मिलिमीटरांचे. याच्या काचेत थोरियम मिसळलेले असते. त्यामुळे काचेचे गुण वाढतात, पण थोरियम स्वतःच्या किरणांनी काचेस वर्षानुवर्षे आतून तपकिरी करीत जाते. आमचे भिंग चहासारखे झाले होते. याचा उपाय मात्र मोठा सात्त्विक आहे: भिंग उन्हात ठेवावे. उन्हातील नील-पार किरणांनी तो रंग हळूहळू उतरतो. एप्रिल महिना होता. गच्चीवर आईचे वाळवण चालले होते. कुरडया, सांडगे आणि उडदाचे पापड यांच्या शेजारी आम्ही एका ताटलीत ताकुमार ठेवला, आणि कावळ्यांपासून सर्वांच्या रक्षणाचे काम आईकडे सोपवले.

"पापड दोन दिवसांत वाळतो," आई म्हणाली, "तुझं हे काय वाळायचंय?"

"पिवळेपणा जायचाय, आई."

"मग मलाही बसव तिथं. मला सगळंच पिवळं दिसतं हल्ली."

आम्ही हसलो. आई विनोदी आहे. त्याच आठवड्यात तिने कुरडयांच्या चिकात मीठ दोनदा घातले, आणि जिन्याची शेवटची पायरी चुकली म्हणून तिच्या गुडघ्यास खरचटले. त्याआधीच्या दिवाळीत गच्चीवरून रोषणाई पाहताना ती म्हणाली होती, "दिव्यांचा कापूस झालाय रे सगळ्या." आम्ही म्हणालो होतो, "धूर आहे, आई." आणि त्याच्याही आदल्या दिवाळीला आम्ही म्हणालो होतो, "वय झालं, आई."

ताकुमार सहा आठवड्यांत स्वच्छ झाला. वहीत तशी नोंद केली.

आता त्या रात्रीविषयी. पंडरीचा जुना बस स्टँड २०२१ साली येथून हलला आणि गाड्या भाटागावच्या नव्या स्थानकावरून सुटू लागल्या. ज्यांनी आयुष्यभर त्या स्टँडच्या भोंग्यांना शिव्या दिल्या त्या आम्हां पंडरीकरांस ती शांतता काही दिवस सोसवेना. एका रात्री जेवण झाल्यावर आम्ही वडिलांचा झेनिट गळ्यात अडकवून बाहेर पडलो. कापड बाजाराची दुकाने बंद झाली होती. रस्त्यावरचे दिवे, औषधाच्या दुकानाची हिरवी पाटी, परतणाऱ्या रिक्षांचे झोत, एवढाच उजेड होता. मिस्त्रींनी दिव्याकडे धरू नका म्हणून सांगितले होते. पण रात्री दिव्यांखेरीज दुसरे धरावयाचे काय? भिंग पूर्ण उघडे ठेवून आम्ही बारा चित्रे काढली.

रोल आम्ही घरीच धुतो. 'डी-७६' हे औषध १९२७ पासून चालत आलेले आहे आणि ते वीस अंश उष्णतेवर वापरावे असा शास्त्रार्थ आहे. ज्याने तो लिहिला तो मे महिन्यात रायपुरास आला नसावा. आमच्या टाकीतील पाणी रात्री दहा वाजताही हातास चटका देते. म्हणून औषधाची बाटली परातीत ठेवून तिच्याभोवती फ्रिजमधला सारा बर्फ ओतावा लागतो, आणि दुसऱ्या दिवशी सरबत मागणाऱ्या पाहुण्यास कोमट पाणी मिळते. साडेसात मिनिटे डबा हलवीत न्हाणीघरात उभे राहिल्यावर फिल्म बाहेर आली. ती पंख्याखाली वाळवली, आणि पुढच्या रविवारी चार चित्रे मोठी करून घेतली.

छायाचित्रण म्हणून ती वाईट होती. प्रत्येक दिव्याभोवती धुक्याचे एक मोठे कडे होते. पाटीवरील अक्षरे उजेडात विरघळली होती. रिक्षाचा झोत शेवरीचे बोंड फुटावे तसा फुटला होता. 'लेपावर खुणा, रात्री निरुपयोगी,' असा शेरा आम्ही मनात तयार केला, आणि चित्रे पलंगावर टाकून चहा घ्यावयास गेलो.

परत आलो तो आई पलंगावर बसून एक चित्र अगदी नाकाशी धरून पाहत होती.

"बिघडलंय ते," आम्ही म्हणालो. "भिंग खराब आहे."

"बिघडलं कुठं?" आई म्हणाली. "हे एवढंच तर बरोबर आलंय तुझं. असंच दिसतं. मला वाटलं, तुलाही असंच दिसतं."

आम्ही तिच्या हातातील चित्राकडे पाहिले. मग तिच्याकडे पाहिले. खिडकीतील उजेड तिच्या तोंडावर तिरपा पडला होता, जसा आम्ही विजेरीचा झोत भिंगावर तिरपा टाकतो तसा. उजव्या डोळ्याच्या बाहुलीत करडे धुके होते. ते इतके स्वच्छ दिसत होते की, ते पाहावयास कसलीही धार लागत नव्हती. त्या डोळ्यांपुढे आम्ही दिवसातून चार वेळा ताट घेऊन बसत होतो.

नेत्रतज्ज्ञांनी उजेडाची बारीक फट आईच्या डोळ्यावर धरली आणि विचारले, "दिव्यांभोवती वलय कधीपासून दिसतं?"

"दोन दिवाळ्या झाल्या," आई म्हणाली.

त्यांनी आमच्याकडे पाहिले नाही. पाहिले असते तर बरे झाले असते. मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत होता; उजवा पुरता पिकलेला, डावा त्याच्या मागोमाग. घाबरण्याचे कारण नाही, आज ही शस्त्रक्रिया अर्ध्या तासाचीही नसते, असे त्यांनी सांगितले. घाबरलो नव्हतो आम्ही. आम्हांस आमची वही आठवत होती.

त्या दिवसांत आम्ही वाचले ते येथे सांगण्यासारखे आहे. पूर्वी मोतीबिंदू काढला की डोळ्यात भिंगच उरत नसे, आणि रोग्यास जन्मभर बशीसारखा जाड चष्मा लागे. दुसऱ्या महायुद्धात काही इंग्रज वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या फुटलेल्या झाकणाचे बारीक तुकडे घुसले. हॅरल्ड रिडली या शस्त्रवैद्यांनी पाहिले की, त्या विशिष्ट प्लास्टिकचे तुकडे डोळ्यात राहिले तरी डोळा ते सोसतो. मग याच पदार्थाचे भिंग करून डोळ्यात का बसवू नये? १९४९ साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांनी ते बसवले. समव्यवसायी पुष्कळ वर्षे त्यांच्यावर टीका करीत राहिले. आज जगभर असंख्य माणसे त्या कल्पनेच्या जोरावर पाहत आहेत. ज्या वर्षी कॅमेऱ्याच्या खिडकीत पंचकोनी लोलक आला त्याच वर्षी माणसाच्या डोळ्यात कारखान्याचे भिंग आले, हा योगायोग एरवी आम्ही पाहुण्यांस मोठ्या चवीने सांगितला असता.

शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. आई प्रथम काही बोलली नाही. मग स्वतःच्या पदराकडे पाहून म्हणाली, "ही साडी निळी आहे होय!" ती साडी ती दोन वर्षे राखी म्हणून नेसत होती. पिकत चाललेले भिंग पिवळे होते आणि निळा रंग गिळून टाकते. ताकुमारने आमच्या चित्रांत तेच केले होते. ताकुमारला आम्ही सहा आठवडे ऊन दाखवले होते.

घरी आल्यावर तिने दोन दिवसांत घराची तपासणी केली. स्वयंपाकघराच्या भिंतीवरील तेलाचे डाग, पंख्याच्या पात्यांवरील धूळ, सौभाग्यवतींच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळे, आणि आमच्या कानशिलांवरील पांढरे केस, अशी सगळी थकबाकी तिने बाहेर काढली. "तू कधी रे म्हातारा झालास?" असे तिने विचारले. दोन दिवाळ्यांतच झालो होतो बहुधा.

रुग्णालयातून एक लहानसे कार्ड मिळाले. त्यावर आईच्या डोळ्यातील भिंगाची शक्ती, कारखान्याचे नाव आणि अनुक्रमांक छापलेला आहे. ते आम्ही वहीत चिकटवले. क्र. २२. शेऱ्याच्या रकान्यात काय लिहावे ते सुचेना. तो रकाना कोरा आहे.

महिन्याभराने, एका रविवारी सकाळी, आम्ही आईचे छायाचित्र काढावयाचे ठरवले. एकवीस भिंगे आणि चौदा कॅमेरे असताना आमच्याकडे तिचे एकटीचे धड एकही चित्र नव्हते, हे सौभाग्यवतींनी पूर्वी सांगितले होते, आणि आम्ही तेव्हा चांगल्या रोलची वाट पाहत होतो. गच्चीवर खुर्ची मांडली. झेनिट काढला. सौभाग्यवतींनी पांढरी चादर आणली. ते पाहून आई उठलीच.

"आण इकडे, मी धरते."

"तू बस, आई. चित्र तुझं आहे."

ती बसली, पण तिचे लक्ष चादरीकडे. चार चित्रे झाल्यावर ती म्हणाली, "मला बघू दे एकदा त्यातून." आम्ही चकित झालो. तीस वर्षे हा कॅमेरा त्या घरात होता. त्याच्यासमोर, त्याच्या बाजूला ती शेकडो वेळा उभी राहिली. पण त्याच्या मागे ती कधीच गेलेली नव्हती. तिला कोणी म्हटले नव्हते आणि तिने मागितले नव्हते.

आम्ही पट्टा तिच्या गळ्यात घातला. ते ओझे तिला पेलेना, म्हणून तिने दोन्ही कोपरे छातीशी टेकले. नवा डोळा खिडकीशी लावला. भिंगाचे कडे कसे फिरवावयाचे ते आम्ही दाखवले. ती पुष्कळ वेळ फिरवीत राहिली. धुके येत होते, जात होते, तिला त्याची मजा वाटत असावी. मग एका जागी हात थांबला.

"ह्यांना आपण सगळे असे दिसत होतो होय," ती म्हणाली.

"दाब, आई."

खाडकन आवाज झाला. आई दचकली. "काळं झालं रे सगळं!"

"होतं तसं. क्षणभरच."

ते चित्र आमच्या कचेरीतील मेजाच्या काचेखाली आहे. आमचे तोंड ठीक मध्यभागी आले आहे, कारण आईने खिडकीतून आम्हांस मध्यभागी बसवले होते, आणि तिला तेवढेच दिसत होते. वडिलांच्या भिंगावरच्या खुणांमुळे आमच्या डोक्याभोवती थोडे वलय आहे. सहकारी त्यावरून आम्हांस 'महाराज' म्हणतात. चित्र छापताना स्टुडिओवाल्याने विचारले, कडा कापू का? आम्ही नको म्हणालो. उजव्या काठाशी चादरीचा एक कोपरा आहे आणि त्यावर सौभाग्यवतींची चार बोटे आहेत.